नाकतोड्याचं नवं इंजिन

आमच्या अंबिकाला इंजिनातलं काही कळत नाही, असं दशरथ चारचौघांत सांगायचा. ते खोटं होतं. बारा वर्षं दर रविवारी नवरा आणि मुलगी यांच्या मधोमध बसून डबे उघडणाऱ्या बाईला जेवढं कळायला हवं तेवढं सगळं तिला कळत होतं. हलक्या गाडीला जड इंजिन लावलं की ती वळणावर वळत नाही, नाक पुढे काढून सरळ निघून जाते, हे ती लसूण सोलता सोलता कुणालाही समजावून सांगू शकली असती. पण तिला कुणी विचारत नव्हतं, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती.

गाडीचं नाव नाकतोडा. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर फायबरची पातळ कातडी, छप्पर नाही, दारं नाहीत, आत शिरायचं तर आधी एक पाय मग दुसरा. दशरथ बसच्या डेपोत फिटर होता तेव्हाच त्याने भाईंदरला नवघरच्या बाजूला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांच्या ओळीत, अगदी टोकाचा एक गाळा भाड्याने घेतला होता. तिथे कुणा हौशी माणसाने ही गाडी सुट्या भागांच्या पेटाऱ्यात आणून टाकली, चार महिने खटपट केली, आणि मग 'दशरथभाऊ, तुम्हीच घेऊन टाका' म्हणून हात झटकले. तेव्हा क्षितिजा एकवीस वर्षांची होती. बापलेकीने दोन पावसाळे खपून ती गाडी उभी केली.

रस्त्यावर चालवायची ती गाडी नव्हतीच. वर्षातून दोन-तीनदा टेम्पोत घालून न्यायची, कुठल्याशा मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघा आणि रबरी खांब लावलेले असायचे, त्यांतून एकेकट्याने घड्याळ लावून हाकायची. क्षितिजाने तीन कप मिळवले. त्यांतल्या दोन कपांत आता वॉशर असतात, तिसऱ्यात अंबिका चहाचे चमचे ठेवते. एकदा नाकाचा चुरा झाला तेव्हा पालीच्या कोळीवाड्यात फायबरच्या होड्या बनवणाऱ्याकडून नवं नाक करून आणलं. त्याच्याकडे होडीचाच निळा रंग होता, म्हणून लाल नाकतोड्याला निळं नाक आलं.

या खेळात सगळा जीव वजनात. दशरथने गाळ्याच्या भिंतीवर खडूने यादी मांडली होती, गाडीतून काय काय काढलं आणि किती किलो वाचले याची. स्टेपनी, हॉर्न, पायपुसणी. क्षितिजाने लांब केस कापले तेव्हा तिने गंमत म्हणून तेही लिहिलं होतं. यादीत सगळ्यात वर होती दुसरी सीट, साडेआठ किलो. ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि रविवारी दुपारी गाळ्यात बसायला दुसरं काही नसल्यामुळे अंबिका त्या सीटवर बसून डबे उघडायची. बारा वर्षांत तिच्या बसण्याचा खड्डा त्या सीटला पडला होता.

डिसेंबरात विरारच्या पुढच्या मैदानावर नाकतोड्याचं इंजिन गेलं. साधंसुधं नाही, आतला दांडा तुटून बाजूची भिंत फोडून बाहेर आला. धूर झाला, तेल सांडलं, गाडी गिरकी घेऊन थांबली. क्षितिजाने हेल्मेट काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला रडताना पाहून दशरथचा चेहरा उतरला. त्याचा उतरलेला चेहरा पाहून ती आणखीनच रडली. मग तो म्हणाला, नवीन बसवू, याच्यापेक्षा भारी. आणि ती म्हणाली, हो बाबा.

अंबिका डब्याची पिशवी धरून बाजूलाच उभी होती. तिला त्या क्षणी वाटलं होतं की सुटलो एकदाचे. या दोघांनी तेव्हाच तोंड उघडून खरं बोलायला हवं होतं. पण बोलतील तर ती आमची माणसं कसली? दोघंही आठवड्याच्या आत तिच्याकडे येऊन बोलली, एकेकटी, आणि तिलाच कुलूप लावून गेली.

आधी दशरथ बोलला. कंबरेची तपासणी करून दोघं दवाखान्याबाहेर पडली होती. दोन मणके घासलेत, वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेरच्या बाकड्यावर बसून तो म्हणाला की त्याला आता त्या गाळ्याचं शटर बघितलं तरी शीण येतो. पण पोरीला तेवढाच एक आनंद आहे, दिवसभर ऑफिसात मान मोडून काम करते, तिचं मन कसं मोडायचं? आणि मग घातलीच त्याने शपथ. "तिला यातलं एक अक्षर सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

चार दिवसांनी क्षितिजा. ती लग्न करून जवळच सिल्व्हर पार्कला राहते, येताजाता आईकडे डोकावते. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती म्हणाली की तिला तीन वर्षांपासून त्या गाडीत बसायचं नाहीये, पण बाबांना दुसरं आहेच काय? रिटायर झाल्यापासून ते त्या गाडीवरच तर जगतायत. "तुला माझी शपथ आहे आई, बाबांना कळता कामा नये."

नवऱ्याची एक, मुलीची एक. दोन्ही जिवावरच्या. अंबिका रत्नागिरीच्या बाजूची, शपथेला हसणाऱ्यांतली नव्हे. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोघंही एकमेकांसाठी ओझं वाहत होती, आणि दोघांचं मिळून ओझं तिच्या डोक्यावर होतं. नवीन इंजिन एकदा बसलं की पुढची दहा वर्षं हेच चालणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तो कळवळत वाकणार, ती दात आवळून गाडी हाकणार, आणि आपण मध्ये बसून दोघांना भाकऱ्या वाढणार. तिचं वय एकसष्ट होतं, आणि हल्ली रविवार उजाडला की तिला उठावंसंच वाटत नव्हतं.

इकडे इंजिनाचं भिजत घोंगडं पडलं होतं. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात दशरथने तीन इंजिनं पाहून ठेवली होती. एक तेराशे सीसीचं, अपघात झालेल्या गाडीतलं, दमदार, पण नाकावर पस्तीस किलो जास्त चढवणारं. दुसरं एका परदेशी मोटारसायकलचं, सहाशे सीसीचं, गिअरबॉक्स त्याच्या पोटातच, सगळं मिळून उचलायला पोरखेळ आणि पळायला वाघ. फक्त त्याला रिव्हर्स नव्हता, कारण मोटारसायकलला तो लागतो कशाला? आणि नाकतोडा तर गाळ्यात नाक आत घालून उभा राहायचा, म्हणजे दर वेळी बाहेर काढताना कुणीतरी मागे ढकलायला हवा. तिसरं होतं आधीच्या इंजिनाच्याच जातीचं, आठशे सीसीचं, तीन सिलिंडरचं, घासूनपुसून पुन्हा बांधलेलं. त्याच्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

बापलेकीचा फोनवर रोज वाद चालायचा, आणि कसा? तो म्हणायचा, तुला आवडेल ते घेऊ. ती म्हणायची, तुम्हाला जे झेपेल ते घ्या. आठशेचं नको यावर दोघांचं एकमत होतं, कारण ते घेतलं तर समोरच्याला वाटेल की आपली हौस संपली. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नाही असं क्षितिजाने काढलं, तेव्हा दशरथ फोनवर हसत म्हणाला, "त्यात काय, ढकलायला तुझी आई आहेच."

अंबिका समोर बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. पण ते वाक्य ती विसरली नाही.

दुकानदाराने रविवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला दशरथ म्हणाला, काही सुचत नाही गं. तेव्हा तिने भात वाढता वाढता सांगितलं, मग कौल लावू.

यात हसण्यासारखं त्यांच्या घरात कुणालाच काही वाटलं नसतं. भाईंदरला खोली घ्यायची की नाही याचा कौल लावला होता, क्षितिजाच्या लग्नाचा लावला होता, दशरथच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचासुद्धा लावला होता. गावच्या देवळात विठू गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि जी कळी आधी पडेल ते देवीचं उत्तर. पूर्वी त्यासाठी गावाला जावं लागायचं. आता विठू व्हिडिओ कॉलवर कौल लावतो. देवळात रेंज बरी आहे.

दशरथला ते लगेच पटलं. निर्णय आपल्या डोक्यावरून उतरला की माणसाला बरंच वाटतं. क्षितिजाही फोनवर हसली आणि हो म्हणाली.

शनिवारी अंबिकाने विठूला फोन केला. सगळं सांगणं शक्य नव्हतं, शपथ 'कुणालाच सांगू नको' अशी घातली नसली तरी फिरून त्याच कानांत जायला वेळ लागत नाही. ती एवढंच म्हणाली की भावजी, उद्या जरा दमाने घ्या, कळी पटकन पडू नये असं वाटतं.  विठू म्हणाला, "वहिनी, कळी लावतो मी. पाडते ती. त्या कामात माझा हात नाय." तिला लाज वाटली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी दहा वाजता तिघं गाळ्यात जमली. भांड्यांचे गाळे बंद होते, त्यामुळे पॉलिशच्या मशीनचा तो किरकिराट नव्हता. नाकतोड्याचं मेलेलं इंजिन आधीच उतरवून कोपऱ्यात तरटाखाली ठेवलं होतं आणि गाडीच्या पुढच्या भागात नुसती पोकळी होती. दशरथ स्टुलावर अवघडून बसला. क्षितिजा टायरवर. अंबिका आपल्या सीटवर. फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला.

पडद्यावर देवी दिसली. काळा पाषाण, चांदीचे डोळे, दोन खांद्यांवर दोन पांढऱ्या कळ्या. उजवी मोटारसायकलच्या इंजिनाची, डावी तेराशेची, असं ठरलं. विठूने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. आई, तुझी लेकरं भायंदरास ऱ्हातात, घाम गाळून खातात, त्यांच्या गाडीचं इंजिन मेलंय, नवं कुठलं घ्यावं ते तूच सांग, वाकडं असेल ते सरळ कर. तिघांनी खाली मान घालून "व्हय महाराजा" म्हटलं. इंजिनासाठी गाऱ्हाणं घालताना विठूचा आवाज जराही हलला नाही. माणूस कामाला पक्का.

पाच मिनिटं गेली. कळ्या हलल्या नाहीत. दहा मिनिटं गेली. क्षितिजाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. दशरथने कंबरेवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा कंबरेवर नेला. पंधराव्या मिनिटाला विठूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. मग तो फोनच्या जवळ आला, आणि पडद्यावर देवीऐवजी त्याच्या पांढऱ्या दाढीचा खुंट दिसू लागला.

"देवी कौल देत नाय," तो म्हणाला. "गाऱ्हाण्यात कायतरी दडवलंत तुम्ही. अर्धं सांगून पुरं मागता व्हय?"

  विठूने अंबिकाचं ऐकून कळ्या जास्त भिजवल्या होत्या की देवीनेच मनावर घेतलं होतं, ते तिला आजही ठाऊक नाही. पण एवढं कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"माझ्या तोंडाला दोन शपथांचं कुलूप आहे," ती सावकाश म्हणाली. "मी कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. पण देवीला ज्याचं त्याने सांगायला कुणी अडवलेलं नाही."

दोन शपथा म्हटल्याबरोबर दोघांनीही एकदम तिच्याकडे बघितलं, आणि मग एकमेकांकडे. प्रत्येकाला वाटत होतं की शपथ आपली एकट्याचीच.

 शेवटी दशरथ फोनकडे तोंड करून बोलायला लागला, मुलीकडे न बघता. आई, माझी कंबर गेली. खाली बसलो की कशाला तरी धरल्याशिवाय उठवत नाही. डॉक्टर नको म्हणालेत. "आता मला नाय जमत. पण पोरीची हौस मोडवत नाही म्हणून इंजिनं बघत फिरतोय."

 क्षितिजानेही बापाकडे न बघताच सांगितलं. तिला भीती वाटते, डिसेंबरात गाडी फिरली तेव्हा नाही, त्याच्या आधीपासून. मग ती थांबली आणि स्वतःचीच चूक दुरुस्त केल्यासारखी म्हणाली, "भीती पण नाही. मी थकलेय. मला रविवारी झोपायचंय, बस. बाबांना वाईट वाटेल म्हणून येतेय मी."

"म्हणजे तू माझ्यासाठी?" दशरथने विचारलं.

"आणि तुम्ही माझ्यासाठी."

यावर रडारड होईल, मिठ्या पडतील असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. दोघांनीही नुसता श्वास सोडला आणि होती तिथेच बसून राहिली, बाजारातून जड पिशव्या आणून खाली ठेवल्यावर माणसं बसतात तशी. दशरथ थोड्या वेळाने म्हणाला, मग देऊन टाकू गाडी. कुणी हौशी भेटेल. क्षितिजाने मान हलवली. इतकं सोपं होतं ते. आणि अंबिकाला हलकं वाटायला हवं होतं. तिला हेच तर हवं होतं. पण तिला हलकं वाटेना. 

पडद्यावरून विठूचा आवाज आला. तो अजून तिथेच होता. "दोघांचं झालं. वहिनी, तुमचं काय?"

"माझं कसलं गाऱ्हाणं," ती सवयीने म्हणाली. आणि मग म्हणाली, "आहे."

तिने बसल्या जागी सीटच्या कडेवरून हात फिरवला. ती म्हणाली, आई, बारा वर्षं मी या सीटवर बसून डबे उघडतेय. सीट गाडीची आहे. गाडी चालू असताना मी हिच्यावर एकदाही बसलेली नाही. "टेम्पोत गाडी चढवायला मी, ढकलायला मी. बसायला मात्र नाही. मला कुणी कधी म्हटलं नाही, अंबिका, बस एकदा."

दशरथ गडबडला. "अगं, साडेआठ किलोची सीट होती ती," तो म्हणाला, जणू तेवढं सांगितलं की झालं. मग त्याचा आवाज खाली आला. "एकदा तुझं वजन धरून हिशेब मांडला होता मी. सुरुवातीला. तुला घेऊन मैदानात एक फेरी मारावी म्हणून. दीड सेकंद जास्त लागत होता."

"फक्त दीड?" अंबिकाने विचारलं.

 दशरथने मान खाली घातली. क्षितिजा उठून भिंतीजवळ गेली आणि त्या खडूच्या यादीसमोर उभी राहिली, पहिल्या ओळीवर बोट ठेवून.

मग दशरथने असा एक प्रश्न विचारला जो त्याने बारा वर्षांत विचारला नव्हता. "तुला कुठलं इंजिन घ्यावंसं वाटतं?"

"आठशेचं," ती लगेच म्हणाली. उत्तर तिच्याकडे किती दिवसांपासून तयार होतं कोण जाणे.

"त्याच्यात दम नाही गं."

"आपल्यात तरी कुठे राहिलाय? या गल्लीतून त्या गल्लीत गेलं तरी पुष्कळ. वाकायचं काम मेकॅनिककडून करून घ्या. क्षितिजाला झोपू दे." ती थांबली. "आणि त्याला रिव्हर्स आहे. मी यापुढे ढकलणार नाही."

दशरथने खिशातून फोन काढून कुर्ल्याच्या दुकानदाराला लावला आणि हिंदीत सांगितलं की बाइकवाला नहीं चाहिए, तेरह सौवाला भी नहीं, वो छोटावाला रख दो. दुकानदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

विठू म्हणाला, कळी पडली हो. कुठली ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्याने नमस्कार करून फोन बंद केला.

डबे तसेच राहिले होते. अंबिका ते उघडायला गेली तर क्षितिजाने तिच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, आई, जरा ऊठ. तिने सीट उचलली, गाडीत जुन्या जागी बसवली, चार बोल्ट आवळले. बोल्ट कपातल्या वॉशरांखाली सापडले. अंबिका एक पाय आत, मग दुसरा, असं करत साडी सावरत बसली. तिला वाटलं होतं त्याहून सीट फार खाली होती, जमिनीला हात लागेल इतकी. दशरथ स्टिअरिंगवर बसायला निघाला तेव्हा त्याला आत शिरायला तीन मिनिटं लागली आणि तो दोनदा कण्हला. या वेळी त्याने ते लपवलं नाही.

इंजिन नव्हतं. क्षितिजाने निळ्या नाकाला दोन्ही हात लावून गाडी मागे ढकलली. पोटात इंजिन नसल्याने ती इतकी हलकी होती की दोन म्हाताऱ्या माणसांसकट सहज बाहेर आली. मग मागे जाऊन तिने गल्लीतून पुढे ढकलायला सुरुवात केली. बंद शटरं दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकत होती. दशरथ स्टिअरिंग धरून समोर बघत होता. अंबिकाने पदर खांद्यावरून घेऊन मांडीवर घट्ट धरला होता, वारा नव्हता तरी.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या आधी, क्षितिजा थांबली. तिला धाप लागली होती.

"परत घेऊ, आई?" तिने विचारलं.

"थांब थोडी," अंबिका म्हणाली.